लोहीवाळी बेन

बाई कुठल्याही बाईमाणसाला भेटल्या की नाव-गाव नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला होता: "मुलं किती?" एक-दोन म्हटलं की त्यांचं लक्ष उडायचं. चार म्हटलं की त्या थांबायच्या. सहा म्हटलं तर चेहरा असा खुलायचा की समोरचीला वाटावं, ही आपली माहेरची कोणीतरी आहे.

सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत त्या पहिल्यांदा आल्या ते हाच प्रश्न घेऊन. पन्नाशीच्या, उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी सँडल, खांद्याला बर्फाचा मोठा थर्मास. दारोदार मुलं मोजणारी बाई म्हणजे नसबंदीवाली, असं गल्लीनं तिथल्या तिथे ठरवलं आणि दारं धडाधड लागली. आमचं दार तेवढं उघडं होतं, कारण मी उंबऱ्यात बसून साडीला लेस लावत होते. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. नोकरी नव्हती, म्हणून लेस.

आईला सहा मुलं. बाईंनी तिचं रक्त मागितलं. आई उसळलीच. "काय सोनानं शे का मन्हं रगत? कसाले जोयजे तुले?"

बाई अमरावतीच्या. आमची अहिराणी त्यांच्या डोक्यावरून गेली. मी अर्थ सांगितला: माझं रक्त काय सोन्याचं आहे, तुला कशाला पाहिजे? तशा त्या आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "सहा वेळा तुमच्या पोटात अर्धं परकं माणूस वाढलं, मावशी. अर्धं तुमचं, अर्धं नवऱ्याचं. त्या परक्या अर्ध्याची तुमच्या रक्तानं ओळख करून ठेवली असेल. असली, तर ती ओळख मला पाहिजे. दुसरं काही नको."

मी ते अहिराणीत सांगितलं. आई हसायला लागली. म्हणाली, तीस वर्षं झाली, तुझ्या बापाला मी ओळखलं नाही; माझ्या रक्तानं कधी ओळखलं? पण हसता हसता हात पुढे केला. आईचा हात पुढे झाला तशी समोरची दारंही उघडली. त्या दुपारी आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांनी रक्त दिलं. जाताना बाईंनी मला विचारलं, "शिकलेली दिसतेस. इथे काय करून राहिली तू? सोमवारी ये."

अशी मी त्यांच्या हाताखाली लागले. ट्रस्टचा दवाखाना होता, तळमजल्यावर मागच्या बाजूला आमची दोन खोल्यांची लॅब. किडनी बदलायचं ऑपरेशन अमदावादला व्हायचं, पण कोणाची किडनी कोणाला चालेल याची पहिली चाचणी बाई इथेच करायच्या, म्हणजे न जमणाऱ्या जोडीला तिकडे हेलपाटे नकोत. त्यासाठी तयार सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, बाहेरून मिळायचं, पण ते वेळेवर येत नसे आणि आपल्याकडच्या लोकांच्या पेशी त्याला नीट ओळखूही येत नसत. म्हणून बाई स्वतःच लिंबायत, गोडादरा, उधना पालथं घालून लेकुरवाळ्या बायकांचं सिरम जमवायच्या. दवाखान्यातल्या गुजराती आया त्यांना 'लोहीवाळी बेन' म्हणायच्या. लोही म्हणजे रक्त. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

त्यांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. जमवलेलं सिरम तपासायला वेगवेगळ्या माणसांच्या जिवंत पांढऱ्या पेशी लागायच्या. त्या कुठून आणायच्या? बाई सरळ कॉरिडॉरमध्ये उभ्या राहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचं मनगट धरायच्या. हिशेबनीस, लिफ्टवाला, एकदा तर पाहुणे म्हणून आलेले ट्रस्टी. सोमवारी सकाळी लोक आमच्या खोलीवरून जायचं टाळून बाहेरून वळसा घालत. गच्चीवर त्यांनी ससे पाळले होते. चाचणीत सशाचं सिरम घालावं लागतं, तेव्हाच ओळखल्या गेलेल्या पेशी मरतात. त्या सशांना बाई स्वतः गाजरं घालायच्या आणि रक्त काढायच्या दिवशी स्वतः जेवायच्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणायच्या, "भूक नाही." दर वेळी त्याच दिवशी भूक नसायची.

डाळीत साखर घालणाऱ्या गावात राहून त्यांनी आपला ठेचा सोडला नव्हता. डबा उघडला की शेजारच्या एक्स-रेवाल्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. तोच ठेचा त्या तरुण डॉक्टरांना आग्रहानं वाढायच्या आणि त्यांचे चेहरे बघत बसायच्या.

चाचणीच्या प्रत्येक नळीवरचं नाव त्या चिकटपट्टीनं झाकायच्या. वर फक्त आकडा. "नाव दिसलं की डोळा फितूर होतो," म्हणायच्या. आणि 'रिजेक्शन' हा शब्द लॅबमध्ये कोणी आधी उच्चारलेला त्यांना खपत नसे. डॉक्टरांनासुद्धा त्या अडवायच्या: "आधी ओळख. नकार नंतर. ओळख कशी झाली ते सांगा, मग पुढचं बोलू."

मला त्यांनी हे शिकवलं ते डब्यातल्या वाट्या पुढ्यात मांडून. "आपली प्रत्येक पेशी," त्या म्हणाल्या, "आपल्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे एका वाटीत धरून बाहेर दाखवत असते. वाटीचा घाट घराघरात वेगळा. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी फिरतात त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतो. तो वाटीही चाचपतो आणि वाटीतला तुकडाही. एका पेशीचा रिसेप्टर एकाच तऱ्हेचा, जन्मतःच ठरलेला. लहानपणी छातीच्या हाडामागे त्यांची परीक्षा होते. ज्याला घरची वाटी कळत नाही तो बाद, जो घरच्याच वाटीवर धावून जातो तोही बाद. बहुतेक सगळे बाद होतात. उरतात ते थोडे."

"मग किडनी बसवली की?"

"मग एकाएकी लाखो परक्या वाट्या घरात. एखादा जंतू ओळखणारे पहारेकरी फार थोडे असतात. परक्या वाटीला पाहून मात्र एकदम कितीतरी उठतात. त्यांना कोण सांगणार की ही भावानं दिली, बापानं दिली? पेशीला नातं कळत नाही." मग वाट्या गोळा करून त्यांनी स्वतः धुतल्या. "आणि शत्रू म्हणू नको त्यांना. ते त्यांचं काम करून राहिले. आपण आपलं करायचं."

प्लेगच्या साली सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही भुसावळकडच्या गाडीत दाराला लोंबकळून गावी पळालो. पंधरा-वीस दिवसांनी परतले तर बाई लॅबमध्येच. आयाही गेल्या होत्या, एक्स-रेवालाही गेला होता. बाईंनी गच्चीवरचे ससे सांभाळले होते, फ्रीझरपाशी खाट टाकली होती आणि साडेचारशे कुप्यांवरच्या फिकट झालेल्या चिठ्ठ्या नव्यानं लिहून काढल्या होत्या. "तुम्ही का नाही गेलात?" विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. "एवढ्या बायांनी विश्वासानं दिलंय," म्हणाल्या, "फ्रीझर बंद पडला असता तर कोणाला तोंड दाखवलं असतं?"

पुढच्याच वर्षी माझ्या वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या.

वहिनी चौथ्या बाळंतपणापासून सुजायची. आम्ही सगळे अशक्तपणा म्हणत राहिलो. एक दिवस ती नळावरच कोसळली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. माझा भाऊ उधन्याला लूमवर. दोन-दोन पाळ्या करणारा, बोलायला कमी. डॉक्टरांनी किडनी बदलावी लागेल म्हटल्यावर त्यानं कोणाला विचारलं नाही, उठून सरळ म्हणाला, "माझी घ्या." नवऱ्यानं बायकोला किडनी द्यायची, हे आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. काकानं समजावलं, लूमवर उभं कोण राहील? दादा म्हणाला, "मी देस म्हणस ना!" देतो म्हणतोय ना, एवढंच. विषय संपला. रक्तगट जुळत होता. मला माझ्या भावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

बाईंनी त्या चाचणीपासून मला दूर ठेवलं. दादाच्या पेशी, वहिनीचं सिरम, वर सशाचं सिरम, मग लाल रंग. जिवंत पेशी रंग घेत नाही, मेलेली घेते. वहिनीच्या रक्तात दादाच्या पेशींची ओळख नसेल तर पेशी जिवंत राहणार, आणि मग मार्ग मोकळा. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या परत करू."

उद्या केली. दोन दिवसांनी पुन्हा नवं रक्त घेऊन केली. चौथ्या वेळी त्यांनी ट्रे माझ्यापुढे सरकवला. "तू वाच."

ट्रेमध्ये बारीक बारीक घरं असतात. प्रत्येक घरातल्या मेलेल्या पेशींचा अंदाज घेऊन आकडा लिहायचा. एक म्हणजे सगळं ठीक, आठ म्हणजे जवळजवळ सगळ्या मेल्या. मी डोळा लावला. पहिलं घर लाल. दुसरं लाल. मी कागदावर 'दोन' लिहिलं. पुढच्या घरात 'दोन'. पुढे एकदा 'एक'. मी एकदाही खाडाखोड केली नाही, ते मला आजही आठवतं. मला वाटत होतं, थोडंफार असेल, औषधांनी निभेल, अमदावादचे डॉक्टर बघून घेतील.

बाईंनी कागद पाहिला. रागावल्या नाहीत. कागद उलटा घातला आणि म्हणाल्या, "पहिल्या घरापासून वाच. आकडा नको. एकेक पेशी वाच. मोठ्यानं."

"बाई..."

"मोठ्यानं."

मी वाचायला लागले. "मेली. मेली. मेली. मेली." खोलीत पंख्याचा आणि माझाच आवाज. "मेली. जिवंत. मेली. मेली." एका घरातलं संपलं की त्या म्हणायच्या, "पुढे." तिसऱ्या घरात माझा आवाज फुटला. त्या थांबल्या नाहीत. पाचव्या घरानंतर त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"ही किडनी तुझ्या वहिनीला लावली तर टेबलावरच काळीनिळी पडेल. तुझ्या 'दोन'नं तिच्या रक्ताला काही फरक पडणार नाही. रडायचं तेवढं रडून घे. मग दादाला सांगायला जायचं. मी येते."

संध्याकाळी दादाची पाळी सुटल्यावर आम्ही घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बाई खाली बसल्या आणि आडवळण न घेता सांगितलं, "भाऊ, तुमची किडनी चालत नाही."

दादाला वाटलं, त्याच्यात काही खोट निघाली. "मी आजारी आहे का?"

"तुम्ही ठणठणीत आहात. हिचं रक्त तुम्हाला ओळखतं. लावली की लगेच मारून टाकील."

"मी नवरा आहे तिचा!" दादाचा आवाज चढला. मुलं दारात गोळा झाली. "चार पोरं तिनं माझीच पोटात ठेवली ना? तेव्हा नाही मारलं ते?"

"ठेवली म्हणूनच, भाऊ," बाई म्हणाल्या. "चार वेळा तुमचा अर्धा अंश तिच्यात वाढला. पोटात होता तोवर बाळांना धक्का लागला नाही, ती सोय वेगळी असते. पण रक्तानं तेव्हाच तुमची ओळख करून ठेवली. ती आता पुसता येत नाही."

दादा उठून बाहेर गेला. वहिनीनं दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, यात त्यांचा दोष नाही. माझाही नाही ना?" बाई म्हणाल्या, "कोणाचाच नाही." आणि त्याच दमात, "तुला भावंडं किती?"

एक भाऊ आणि एक बहीण. दोघं नंदुरबारकडच्या वेगवेगळ्या खेड्यांत. आईवडील नव्हते. भावानं तर आधीच निरोप धाडला होता की माझ्या घरातून विरोध आहे, मला यात ओढू नका. दादानं त्याला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मी म्हटलं, आता काय करायचं? बाईंनी भिंतीवरचं रेल्वेचं वेळापत्रक काढून घेतलं.

चैत्र संपत आला होता. आम्ही सकाळच्या गाडीनं नंदुरबार गाठलं, तिथून एसटी, पुढे दीड कोस पायी. सँडलचा पट्टा तुटला तर बाईंनी त्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि चालत राहिल्या. वहिनीचा भाऊ ओट्यावर होता, तिशीचा, अंगानं भक्कम. आम्हाला पाहताच त्याचा चेहरा उतरला. बायको दाराआडून म्हणाली, "आमचं ठरलंय, नाही म्हणून."

"मी किडनी मागायला आलेच नाही," बाई म्हणाल्या. "पाणी द्या आधी." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "रक्त मागायला आले. जुळतं की नाही एवढं बघते. नाही जुळलं तर तुम्ही मोकळे. आता तुम्ही दोन्हीकडून टांगलेले आहात."

तो ओट्यावरून हलला नाही. बाईही उठल्या नाहीत. ऊन ओट्यावर चढत आलं तशा त्या सावलीबरोबर सरकत राहिल्या. बायकोनं दोनदा भाकरी विचारली, शेवटी वाढली. बाईंनी ताटावर बसल्या बसल्या तिला विचारलं, "मुलं किती?" तिसरं पोटात होतं. बाईंनी तिच्या पायांची सूज पाहिली, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन दाब तपासून घे म्हणून दोनदा बजावलं. उठायची वेळ झाली तेव्हा भावानं स्वतःच बाही वर केली.

परतीचा प्रवास मी विसरणार नाही. सिरम बर्फात ठेवतात, पण जिवंत पेशींना बर्फही सोसत नाही आणि ऊनही. बाईंनी नळ्या कापसात गुंडाळून ओल्या फडक्यात धरल्या आणि उधन्यापर्यंत तो हात खिडकीपासून दूर, पदराआड धरून बसल्या. गर्दीत कोणाचा धक्का लागला की डोळे वटारायच्या. स्टेशनवरून सरळ लॅब.

या वेळी त्यांनी मला जवळ बसू दिलं. चिकटपट्टी लावलेली होती. पण कोणाचं रक्त ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्याला इलाज नव्हता. बाईंनी वाचलं, मग मला दिलं. घरामागून घर, पेशी चमकत होत्या, रंग न घेतलेल्या, जिवंत. अर्धा घाट वहिनीशी जुळत होता, अर्धा नव्हता. पण तिच्या रक्तानं भावावर हात उचलला नव्हता. "हं," बाई म्हणाल्या. यापलीकडे त्यांनी आनंद म्हणून काही केलं नाही. तो येईपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही, एवढं मात्र मला बजावलं.

बाईंनी बोलावणं धाडलं आणि महिन्याभरात वहिनीचा भाऊ सुरतेला आला. बाई त्याच्याशी खोलीत एकट्या बोलल्या. बाहेर येऊन त्यानं दादाला सांगितलं, "तारीख घ्या."

अमदावादला ऑपरेशन झालं. किडनी टेबलावरच गुलाबी झाली आणि वहिनीला लघवी झाली तेव्हा दादा वॉर्डाबाहेर लहान मुलासारखा रडला. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, लघवी घटली, वहिनीचा चेहरा पुन्हा सुजला. मी सुरतेला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच बाई म्हणाल्या, "ओळखलं ना? ओळखणारच. अर्धी वाटी परकी आहे. इंजेक्शनं सुरू झाली का?" झाली होती. "मग धीर धर. ते दमतील. आपण नाही." पाच दिवस ती इंजेक्शनं चालली. सहाव्या दिवशी रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा, किडनीचं काम दाखवणारा, उतरायला लागला. वहिनी घरी आली, मुखपट्टी लावून, दोन्ही वेळच्या गोळ्या घड्याळ लावून घेणारी. धाकट्याला ती मांडीवर घेऊन बसली ते पाहायला गल्ली लोटली होती.

दशक सरता सरता बाई निवृत्त होऊन अमरावतीला गेल्या. निरोपाच्या भाषणाला त्या उभ्याच राहिल्या नाहीत, फ्रीझरच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन निघाल्या.

त्यानंतर वर्षभरानं वहिनीचा भाऊ आमच्याकडे आला होता. जेवणं झाली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्या बाईंनी तेव्हा मला खोलीत घेऊन काय सांगितलं, माहीत आहे? म्हणाल्या, जुळलंय. हे फक्त तुला, तुझ्या बहिणीच्या नणंदेला आणि मला माहीत आहे. भीती वाटत असेल, घरी नको असेल, तर आता मला सांग. मी कागदावर 'जुळत नाही' एवढंच लिहीन, तिचंही तोंड बंद ठेवीन. जन्मात कोणाला कळणार नाही."

'दोन' लिहिलं म्हणून मला पेशी मोजायला लावणाऱ्या बाई त्या.

"मग हो का म्हणालात?"

तो हसला. "गावाहून निघताना नाही म्हणायचं ठरवूनच आलो होतो. बाईंनी तसं सांगितलं आणि एकदम वाटलं, आता मला कोणी पकडून आणलेलं नाही. मग बहीणच दिसायला लागली डोळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मी एसटीडीच्या टपरीवरून अमरावतीला फोन केला. बाईंनी आधी वहिनीचं क्रिएटिनिन विचारलं. मग गच्चीवरचे ससे विचारले. मग मी विचारलं, "बाई, तो नाही म्हणाला असता तर तुम्ही खरंच खोटं लिहिलं असतं?"

"लिहिलं असतं ना," त्या तिकडून म्हणाल्या. "पेशीबद्दल खोटं लिहिलं तर पेशंट मरतो. इथे काय होतं? एक घाबरलेला माणूस सुखानं घरी गेला असता."

"आणि वहिनी?"

"तिची बहीण होती ना तिथेच, पाच कोसांवर. पोरी, काहून असं विचारून राहिली? दुसऱ्या दिवशीच्या गाडीची दोन तिकिटं काढलेली होती मी."